चित्र पानात नसते

एचटीएमएल शिकू लागलेल्या जवळजवळ प्रत्येकाला पहिल्या आठवड्यात एक प्रश्न पडतो. "माझ्या संगणकावर फोटो छान दिसतो. तीच फाइल मैत्रिणीला पाठवली, तर तिला फोटोच्या जागी फाटक्या चित्राची एक छोटी खूण दिसते. फोटो गेला कुठे?"

फोटो कुठेही गेलेला नाही. तो होता तिथेच, म्हणजे तुमच्या संगणकावर आहे. मैत्रिणीला तुम्ही पाठवली ती फक्त पानाची फाइल, आणि त्या फाइलमध्ये फोटो कधी नव्हताच. वर्डच्या फाइलमध्ये फोटो चिकटवला की तो त्या फाइलचा भाग होतो, फाइल जड होते आणि जाईल तिथे फोटो घेऊन जाते. वेबपानाचे तसे नाही. पानात दिसणारे चित्र पानाबाहेर, वेगळ्या फाइलमध्ये राहते. (चित्राचे अक्षरांत रूपांतर करून ते पानातच भरण्याची एक युक्ती आहे, पण ती बारक्या चित्रांपुरतीच ठीक. नवशिक्याने तिच्या वाटेला जाऊ नये.)

हे एक सत्य नीट समजले, तर या प्रकरणातले बाकीचे सगळे त्यातूनच उलगडत जाते.

१. पत्ता सांगणारी खूण

लग्नपत्रिकेत मंगल कार्यालय नसते, कार्यालयाचा पत्ता असतो. पत्ता वाचून पाहुणे तिथे पोचतात. एचटीएमएलमधली चित्राची खूण, म्हणजे टॅग, हेच काम करते. ती ब्राउझरला सांगते, "या जागी एक चित्र हवे आहे, ते अमुक ठिकाणी मिळेल, जाऊन घेऊन ये."

समजा, राजगडावर एक पान करायचे आहे आणि त्यात सुवेळा माचीवरच्या नेढ्याचा, म्हणजे कड्याला आरपार पडलेल्या नैसर्गिक भोकाचा फोटो हवा आहे. ओळ अशी असेल:

<आयएमजी एसआरसी="नेढे.जेपीजी" ऑल्ट="राजगडाच्या सुवेळा माचीवरील नेढे">

इथे वाचायला सोपे जावे म्हणून खुणा देवनागरीत दिल्या आहेत. संगणकावर टॅगचे शब्द आणि फाइलचे नाव रोमन लिपीतल्या छोट्या अक्षरांत लिहायचे. ऑल्टमधला मजकूर मात्र खुशाल मराठीत लिहावा.

आयएमजी हे टॅगचे नाव. एसआरसीपुढच्या अवतरणचिन्हांत चित्राचा पत्ता येतो. ऑल्टमध्ये चित्राऐवजी वाचता येईल असा मजकूर येतो, त्याकडे शेवटी सावकाश वळू. परिच्छेदाचा टॅग जसा उघडला आणि बंद केला जातो, तसा हा बंद करावा लागत नाही, कारण उघडण्या-मिटण्याच्या मध्ये ठेवण्याजोगे त्याच्याकडे काहीच नसते.

ब्राउझर पान वाचत जातो. अशी खूण दिसली की तो सर्व्हरकडे त्या चित्रासाठी नवी, स्वतंत्र मागणी पाठवतो. पानात दहा वेगवेगळे फोटो असतील, तर एकूण मागण्या अकरा होतात, एक पानाची आणि दहा चित्रांच्या. म्हणूनच नेटवर्क मंद असले की मजकूर आधी दिसतो आणि चित्रे मागाहून एकेक करत येतात.

२. ही पद्धत आली कुठून

टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत वेबची उभारणी केली, तेव्हा चित्र हा पानाचा भाग असावा अशी सोय एचटीएमएलमध्ये नव्हती. चित्राचा दुवा देता येई, तो दाबला की चित्र वेगळ्या खिडकीत उघडे.

२५ फेब्रुवारी १९९३ रोजी अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातल्या मार्क अँड्रीसन या तरुणाने वेबवर काम करणाऱ्या मंडळींपुढे एक छोटा प्रस्ताव ठेवला. आयएमजी नावाची नवी खूण असावी, तिला एसआरसीमध्ये चित्राचा पत्ता द्यावा आणि ब्राउझरने ते चित्र आणून मजकुरातच त्या जागी दाखवावे, एवढाच तो होता. अँड्रीसन आणि त्याचे सहकारी त्या वेळी मोझेक हा ब्राउझर तयार करत होते.

त्यावर चर्चा झाली. एकाने सुचवले की केवळ चित्रांसाठी खूण करण्यापेक्षा आवाज, चलच्चित्र असे काहीही पानात आणता येईल अशी व्यापक खूण करू. स्वतः बर्नर्स-ली यांचा कल दुव्याचीच खूण थोडी वाढवून वापरण्याकडे होता. या सूचना विचार करण्याजोग्या होत्या. पण मोझेकवाल्यांनी आपली खूण ब्राउझरमध्ये घालून तो लोकांच्या हाती दिला. मोझेक झपाट्याने पसरला आणि त्याच्याबरोबर आयएमजीही. आज जवळजवळ प्रत्येक वेबपानात दिसणारी ही खूण टिकली ती सर्वांत परिपूर्ण होती म्हणून नव्हे, तर वापरायला तयार होती म्हणून.

मूळ प्रस्तावात पत्ता होता, पण चित्र ज्याला दिसणार नाही त्याच्यासाठी काहीच नव्हते. ऑल्ट नंतर आले. १९९५ च्या एचटीएमएल २.० मध्ये ते आहे आणि १९९७ च्या ४.० मध्ये ते आवश्यक ठरवले गेले.

३. तोच पत्ता, बदलते चित्र

चित्र पानाबाहेर असण्याचा एक सुंदर परिणाम केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत दिसला. तिथल्या ट्रोजन रूम नावाच्या खोलीबाहेर कॉफीचे एकच भांडे होते. लांबच्या खोल्यांतले संशोधक जिने चढून-उतरून यायचे आणि ते रिकामे पाहून परत जायचे. म्हणून १९९१ मध्ये भांड्यावर एक कॅमेरा रोखला गेला आणि त्याचे चित्र प्रयोगशाळेतल्या संगणकांवर दिसू लागले. ब्राउझरमध्ये चित्रे दिसू लागल्यावर, नोव्हेंबर १९९३ मध्ये, ते वेबवर आले. १२८ पिक्सेल लांब, १२८ पिक्सेल रुंद, कृष्णधवल अशा त्या चित्रासाठी जगभरातून लोक त्या पानावर येऊ लागले. २२ ऑगस्ट २००१ रोजी कॅमेरा बंद केला, तोवर ते चालू होते.

पानात लिहिलेला पत्ता तसाच राहिला, त्या पत्त्यावर मिळणारे चित्र मात्र बदलत गेले. भांडे भरले, रिकामे झाले, पण त्यासाठी कुणाला एचटीएमएलला हात लावावा लागला नाही. आजही हवामानाच्या पानावर उपग्रहाचे ताजे चित्र असेच दाखवता येते.

याची दुसरी बाजूही आहे. दुसऱ्याच्या सर्व्हरवरचा फोटो तुम्ही त्याचा पत्ता देऊन आपल्या पानात दाखवलात, तर तो फोटो त्याच्या ताब्यात राहतो. त्याने उद्या तो काढला, तर तुमच्या पानात भोक पडते. त्याने तिथे भलतेच चित्र ठेवले, तर तुमच्या पानात ते दिसते. शिवाय प्रत्येक वेळी त्याच्या सर्व्हरवर भार पडतो आणि फोटोच्या हक्काचा प्रश्न वेगळाच. फोटो आपला असावा किंवा वापरायची परवानगी असावी, आणि तो आपल्याच सर्व्हरवर ठेवावा.

४. पत्ता चुकतो कुठे

पत्ता दोन तऱ्हांनी देता येतो. एक पूर्ण, म्हणजे संकेतस्थळाच्या नावापासून सुरू होणारा. दुसरा सापेक्ष, म्हणजे हे पान जिथे आहे तिथून सांगितलेला. पत्रिकेत नुसते "शाळेच्या मागे" लिहिले तर गावातला माणूस बरोबर पोचतो, कारण तो गावातच आहे. सापेक्ष पत्ता तसाच असतो.

एक उदाहरण करून पाहू. तुमच्याकडे "सहल" नावाचा फोल्डर आहे. त्यात राजगडाचे पान आहे आणि "चित्रे" नावाचा आणखी एक फोल्डर आहे. नेढ्याचा फोटो त्या आतल्या फोल्डरमध्ये आहे. मग पत्ता होतो "चित्रे/नेढे.जेपीजी", म्हणजे इथून "चित्रे" फोल्डरमध्ये जा आणि तिथली ही फाइल घे. एक पायरी वर जायचे असेल तर दोन टिंबे आणि एक तिरकी रेघ द्यायची. "सहल" फोल्डर उचलून दुसऱ्या संगणकावर ठेवला तरी हा पत्ता बरोबरच राहतो, कारण पान आणि चित्र यांचे एकमेकांपासूनचे अंतर बदललेले नाही. मैत्रिणीला पाठवायचा तो असा अख्खा फोल्डर.

चुका बहुतेक तीन ठिकाणी होतात. पहिली, आपल्या संगणकाच्या सी ड्राइव्हपासून सुरू होणारा पत्ता पानात तसाच राहतो. तो पत्ता जगातल्या दुसऱ्या कुणाच्या उपयोगाचा नाही. दुसरी चूक रोमन लिपीतल्या मोठ्या आणि छोट्या अक्षरांची. विंडोजला त्यांतला फरक सहसा जाणवत नाही, पण बहुतेक सर्व्हर लिनक्सवर चालतात आणि लिनक्स तो फरक काटेकोरपणे पाळतो. कॅमेरा फाइलच्या नावाचा शेवट मोठ्या अक्षरांत लिहितो, आपण पानात छोट्या अक्षरांत लिहितो, घरी सगळे दिसते आणि सर्व्हरवर चढवल्याबरोबर चित्र गायब होते.

तिसरी गोष्ट खास आपल्यासाठी. फाइलला देवनागरीत नाव देता येते आणि ते चालतेही, पण पत्त्यात ते कसे जाते ते पाहा. "किल्ला" हा शब्द डोळ्यांना आटोपशीर दिसतो. संगणकाच्या हिशेबी तो सहा चिन्हांचा आहे: क, ऱ्हस्व वेलांटी, ल, पाय मोडल्याची खूण, ल आणि काना. युनिकोड साठवण्याच्या रूढ पद्धतीत देवनागरीतले प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, म्हणजे झाले अठरा बाइट. पत्त्यात पाठवताना प्रत्येक बाइट टक्क्याचे चिन्ह आणि दोन अक्षरे अशा तीन खुणांनी लिहिला जातो. म्हणजे चोपन्न खुणा, एका छोट्या शब्दासाठी. असा पत्ता कुणाला पाठवला, तर तो वाचता येत नाही आणि कधी कधी मध्येच तुटतो. आपल्या लिपीचा आग्रह पानावरच्या मजकुरात जरूर धरावा, तिथे तो वाचकापर्यंत पोचतो. फाइलचे नाव मात्र रोमन छोट्या अक्षरांत, मोकळी जागा न सोडता द्यावे.

५. फोटोचे वजन

मोबाइलने काढलेला फोटो साधारण ४,००० पिक्सेल रुंद आणि ३,००० पिक्सेल उंच असतो, असे धरू. गुणाकार केला तर १ कोटी २० लाख ठिपके. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी तीन बाइट लागतात, म्हणजे ३ कोटी ६० लाख बाइट, ढोबळमानाने ३६ एमबी. फोन ते दाबून काही एमबीपर्यंत आणतो, तरी ते पुष्कळच आहे.

आता हाच फोटो पानात ४०० पिक्सेल रुंदीत दाखवायचा आहे. टॅगमध्ये रुंदी ४०० लिहिली की तो लहान दिसतो आणि काम झाले असे वाटते. पण ब्राउझर आधी पूर्ण फाइल उतरवून घेतो आणि मग ती छोटी करून दाखवतो. वाचकाचा डेटा तेवढाच खर्च झाला. डोंगराळ भागात, जिथे मोबाइलची एखादीच काडी मिळते, तिथे असे दहा फोटोंचे पान उघडतच नाही.

उपाय एकच, फाइलच लहान करणे. दाट पिक्सेलच्या मोबाइल पडद्यांना पुरेल अशी १,२०० बाय ९०० पिक्सेलची प्रत केली, तर ठिपके होतात १० लाख ८० हजार, मूळच्या सुमारे एक अकरांश. फोटो संपादनाच्या कोणत्याही साध्या साधनात हे जमते. मूळ फोटो आपल्याकडे जपून ठेवावा, पानासाठी प्रत वापरावी.

याच्या पुढची पायरी म्हणजे एकाच फोटोच्या दोन-तीन आकारांच्या प्रती ठेवून सगळ्यांचे पत्ते एसआरसीसेट या गुणधर्मात देणे. मग ब्राउझर वाचकाच्या पडद्याला योग्य तीच प्रत मागवतो. आणि पानात खाली असलेल्या चित्रांना लोडिंग हा गुणधर्म देऊन त्यात लेझी असे लिहिले, तर वाचक तिथवर पोचू लागल्यावरच ती उतरतात. अगदी वरच्या चित्राला मात्र हे लावू नये, ते तर लगेचच हवे असते.

६. जेपीजी, पीएनजी आणि एक भारतीय कल्पना

फोटो असेल तर जेपीजी, रेघांचे चित्र, नकाशा किंवा पडद्याची छबी असेल तर पीएनजी, आणि बोधचिन्हासारखे कितीही मोठे केले तरी धारदार राहावे असे काही असेल तर एसव्हीजी. एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. गूगलने २०१० मध्ये आणलेला वेबपी हा प्रकारही आता सगळ्या प्रमुख ब्राउझरांना कळतो आणि त्याच दर्जाचा फोटो बहुधा कमी जागेत बसवतो.

पण जेपीजी फोटोला एवढे लहान कसे करते, हे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. बंगळुरूत जन्मलेले आणि तिथेच अभियांत्रिकी शिकलेले नसीर अहमद पुढे अमेरिकेत कॅन्सस स्टेट विद्यापीठात प्राध्यापक झाले. १९७२ मध्ये त्यांनी एका गणिती पद्धतीच्या अभ्यासासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडे निधी मागितला, तो मिळाला नाही. तरी त्यांनी काम सोडले नाही. १९७४ मध्ये टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांनी ती पद्धत प्रसिद्ध केली. १९९२ मध्ये ठरलेल्या जेपीजीच्या मानकाचा गाभा तीच पद्धत आहे.

तिचा आशय असा. फोटोचे आठ बाय आठ ठिपक्यांचे छोटे चौकोन करायचे. चौकोनातल्या चौसष्ट ठिपक्यांची यादी देण्याऐवजी, त्यात रंग-उजेड सावकाश किती बदलतो आणि झपझप किती बदलतो याचे प्रमाण लिहायचे. आकाश, भिंत, चेहरा यांत सावकाश बदल जास्त असतात. झपझप होणारे बारीक बदल डोळ्यांना फारसे कळत नाहीत, म्हणून ते ढोबळपणे लिहायचे किंवा गाळायचे. राहते ते थोडके असते आणि डोळ्यांना पुरते. नकाशावरची अक्षरे जेपीजीत का धुरकटतात, तेही यातूनच कळते. अक्षराच्या कडेला काळ्याचे एकदम पांढरे होते, आणि असले झपझप बदलच ही पद्धत गाळते.

७. जागा आधी राखा

बातमी वाचताना मजकूर अचानक खाली सरकतो आणि बोट भलत्याच दुव्यावर पडते, हे सगळ्यांनी अनुभवले आहे. चित्र मागाहून येते, ते किती उंच आहे हे ब्राउझरला आधी माहीत नसते, आणि ते आले की मजकूर ढकलला जातो.

म्हणून टॅगमध्ये विड्थ आणि हाइट, म्हणजे रुंदी आणि उंची, दोन्ही लिहावी. फाइलचे खरे आकडे द्यावेत, आपल्या उदाहरणात १२०० आणि ९००. २०१९ च्या अखेरीपासून ब्राउझर या दोन आकड्यांवरून चित्राचे प्रमाण काढू लागले. सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचे रूप ठरवणाऱ्या सूचनांत, रुंदी पडद्यापुरती आणि उंची आपोआप असे लिहिले, की चित्र कोणत्याही पडद्यावर त्या प्रमाणातली जागा राखून ठेवते.

८. ऑल्ट, म्हणजे पानात खरोखर असलेला भाग

आता ऑल्टकडे. चित्र पानाबाहेर राहते. पानाच्या फाइलमध्ये चित्राविषयी राहतो तो त्याचा पत्ता, त्याचे माप आणि तुम्ही ऑल्टमध्ये लिहिलेले शब्द. पत्ता चुकला, नेटवर्क तुटले, सर्व्हर बंद पडला, तर त्या जागी ब्राउझर हेच शब्द दाखवतो. आणि दृष्टिहीन वाचकापर्यंत चित्राचे जे काही पोचते, ते बहुतांशी या शब्दांतूनच.

दृष्टिहीन वाचक स्क्रीन रीडर नावाचा प्रोग्राम वापरतात. तो पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवतो किंवा ब्रेलच्या उपकरणावर बोटांखाली उमटवतो. चित्र आले की तो ऑल्ट वाचतो. ऑल्ट लिहिलेच नसेल, तर अनेकदा फाइलचे नाव वाचू लागतो, म्हणजे कॅमेऱ्याने दिलेले अंक आणि अक्षरे.

सिडनी ऑलिंपिकच्या वेळी हा प्रश्न कायद्यापुढे आला. ब्रूस मॅग्वायर या अंध नागरिकाने १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या मानवी हक्क आयोगाकडे तक्रार केली. स्पर्धेच्या अधिकृत संकेतस्थळावरच्या चित्रांना आणि चित्ररूप दुव्यांना ऑल्ट नव्हते, खेळांच्या यादीपर्यंत आणि निकालांच्या तक्त्यांपर्यंत त्यांना पोचता येत नव्हते. बदल फार खर्चाचे आणि वेळखाऊ ठरतील, असे आयोजन समितीचे म्हणणे होते. ऑगस्ट २००० मध्ये आयोगाने मॅग्वायर यांच्या बाजूने निर्णय दिला. समितीने तो पुरता पाळला नाही, तेव्हा तिला २०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर भरपाई द्यावी लागली. भारतात २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, आणि डिजिटल सेवा सर्वांना वापरता येणे हा जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये सांगितले.

कायदा नसता तरी मी हेच सांगितले असते. जो पानावर चित्र ठेवतो, त्याच्याकडेच ते शब्दांत सांगण्याची जबाबदारी येते.

ऑल्ट चांगले कसे लिहावे? हे चित्र इथे कशासाठी आहे, हा प्रश्न आधी विचारावा. नेढ्याचा तोच फोटो ट्रेकच्या पानावर असेल तर "सुवेळा माचीवरील नेढे, आत बसलेले चार ट्रेकर" हे योग्य. खडकांच्या झिजेवरच्या लेखात असेल तर ट्रेकर सोडून द्यावेत आणि "कड्याच्या वरच्या भागात आरपार पडलेले भोक, कडा झिजून गोलसर झालेल्या" असे लिहावे. "चा फोटो" हे शब्द जोडायची गरज नसते, कारण चित्र असल्याचे स्क्रीन रीडर स्वतःच सांगतो. चित्र दुवा म्हणून वापरले असेल, तर ते कसे दिसते यापेक्षा दाबल्यावर कुठे नेते हे लिहावे. निव्वळ शोभेची वेलबुट्टी असेल तर ऑल्ट ठेवावे, पण अवतरणचिन्हांत काहीही लिहू नये, म्हणजे स्क्रीन रीडर ती गुपचूप ओलांडून जातो. ऑल्ट रिकामे ठेवणे आणि ऑल्ट न लिहिणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फोटोखाली सगळ्यांनी वाचावी अशी ओळ हवी असेल, तर ती ऑल्टमध्ये न कोंबता फिगकॅप्शन या टॅगमध्ये द्यावी.

मराठी पानांबद्दल एक कळकळीची विनंती. युनिकोड रुळण्यापूर्वी आपली अक्षरे समोरच्याच्या संगणकावर नीट दिसतील याची खात्री नसे, तेव्हा मथळे चित्ररूपात देण्याला कारण होते. आता ते उरलेले नाही. तरी कार्यक्रमाचे आमंत्रण, भरतीची सूचना, पाणीपुरवठ्याचे वेळापत्रक अजून चित्र म्हणूनच पानावर चढते. त्यातली तारीख ऐकता येत नाही, शोधता येत नाही, उचलून दुसरीकडे चिकटवता येत नाही. आमंत्रणाचे सुंदर चित्र जरूर ठेवा, पण त्यातला मजकूर पानावर टाइपही करा. आणि पानाच्या सुरुवातीला, एचटीएमएलच्या पहिल्या टॅगमध्ये, लँग या गुणधर्माने भाषा मराठी असल्याचे सांगा. म्हणजे मराठी आवाज उपलब्ध असलेल्या स्क्रीन रीडरला तो निवडता येतो.

एक शेवटची खबरदारी. कधी नवा फोटो जुन्याच नावाने, त्याच जागी ठेवला जातो. पत्ता तोच असल्यामुळे चित्र आपोआप बदलते, फक्त काही वाचकांना थोडा काळ त्यांच्या ब्राउझरने साठवलेली जुनी प्रत दिसते. ऑल्ट मात्र पानात आहे, ते आपोआप बदलत नाही. नेढ्याच्या जागी तुम्ही पद्मावती तलावाचा फोटो ठेवला आणि पान उघडून पाहिले नाही, तर पाहणाऱ्याला तलाव दिसेल आणि ऐकणाऱ्याला नेढेच ऐकू येईल. म्हणून फोटो बदलला की पानाची फाइल उघडायची, ऑल्टची ओळ नव्याने लिहायची, आणि मापे वेगळी असतील तर रुंदी-उंचीचे आकडेही.